कोर्टाची पायरी आणि चाळीचा जिना

'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण आपण इतक्या सहज वापरतो की ती कुणाच्या सोयीची आहे, हे विचारायचे राहूनच जाते. सईद अख्तर मिर्झा यांचा 'मोहन जोशी हाजिर हो!' हा 1984 चा हिंदी चित्रपट या म्हणीचा दृष्टान्त म्हणून पाहिला जातो. मुंबईतल्या पडायला आलेल्या चाळीत राहणारे म्हातारे जोडपे दुरुस्तीसाठी घरमालकावर दावा लावते. वकील त्यांना वर्षानुवर्षे पिळून घेतात, घरमालकाचे गुंड धमकावतात, शेजारी खिल्ली उडवतात. शेवटी म्हाताऱ्याच्या अंगावर घराचा भाग कोसळतो. यातून काढला जाणारा अर्थही ठरलेला असतो : न्यायाला उशीर लागतो, वकील लबाड असतात, साध्या माणसाने त्या वाटेला जाऊ नये. चित्रपटातल्या काळ्या विनोदाबद्दलचे मतही असेच तयार मिळते. विषय कडू, म्हणून वरून साखर.

ही दोन्ही मते मला उथळ वाटतात. माझ्या मते हा चित्रपट त्या म्हणीच्या विरोधात उभा आहे. चाळ वयामुळे, पावसामुळे आणि मालकाच्या हिशेबामुळे खिळखिळी होते हे खरे, पण ती पडेपर्यंत तशीच राहू दिली जाते यात या म्हणीचा मोठा वाटा आहे. साखरेचे म्हणाल, तर चित्रपटातला विनोद काढून घेतला तर त्याचा युक्तिवादच कोसळेल. जे सिद्ध करायचे ते तो विनोदातूनच सिद्ध करतो.

1. उशीर संपतो, तेव्हा काय होते?

चित्रपटाचा विषय 'न्यायातील दिरंगाई' असता, तर उशीर संपताच प्रश्न सुटायला हवा होता. उशीर संपतो. तारखांवर तारखा पडून झाल्यावर न्यायाधीश स्वतः चाळ पाहायला येतात. ज्या क्षणाची मोहन जोशी वर्षानुवर्षे वाट पाहत होता, तो क्षण त्याच्या दारात येतो. कोर्टाची पायरी चढून थकलेल्या माणसाच्या घरी कोर्टच जिना चढून येते.

आणि तेव्हा न्यायाधीशांना काय दिसते? बऱ्यापैकी धड घर. कारण ते येणार हे मालकाच्या माणसांना ठाऊक असते. त्यांनी तात्पुरते टेकू लावलेले असतात, वरवरची डागडुजी केलेली असते. न्यायाधीश लाच घेत नाहीत, डोळे मिटत नाहीत. ते पाहतात, पण त्यांनी पाहावे म्हणून मांडून ठेवलेलेच पाहतात.

या एका प्रसंगाने 'न्यायाला उशीर' हे स्पष्टीकरण निकालात निघते. समजा ही पाहणी दावा दाखल झाल्यावर आठव्या दिवशी झाली असती, तरी टेकू आठव्या दिवशी लागले असते. गतिमान कोर्टाने मोहन जोशीविरुद्धचा निकाल लवकर दिला असता, एवढेच.

2. तडा आणि कागद

मग अडचण कुठे आहे? माझे उत्तर असे : गरीब माणसाकडे पुरावा नसतो असे नाही. त्याच्याकडे जो असतो, त्याला पुराव्याचा दर्जा मिळत नाही.

मोडकळीला आलेल्या चाळीत राहणाऱ्याला इमारतीची अवस्था अंगाने माहीत असते. कुठल्या पायरीवर पाय जपून टाकायचा, पावसाळ्यात बालदी कुठे ठेवायची, छताचे पोपडे ताटात पडू नयेत म्हणून जेवायला कुठे बसायचे, हे ज्ञान त्याने रोज जगून मिळवलेले असते. हेच ज्ञान कोर्टात नेले की 'वादीचे म्हणणे' होते. समोरून कैफियत येते, त्यात ते सरसकट नाकारलेले असते. भिंतीतल्या तड्याचे आता दोन कागद होतात, आणि कोर्टापुढे ते दोन्ही सारख्याच वजनाने उभे राहतात. तडा मात्र भिंतीतच राहतो आणि रुंदावत जातो.

चित्रपटाचे नावच हे सांगते. पट्टेवाल्याची 'हाजिर हो'ची आरोळी ज्याच्या नावाने निघते, तोच मुळात तक्रार घेऊन आला होता. त्याला पुन्हा पुन्हा हजर राहायला सांगितले जाते. ज्या घराविषयी सारा वाद आहे, ते घर कोर्टात हजर होऊ शकत नाही. घराच्या वतीने माणसाने किती वेळा हजेरी लावायची?

इथे विनोद का लागतो, हे नीट पाहिले पाहिजे. शोकांतिकेला एकदाच घडणारी घटना लागते. व्यवस्थेचा स्वभाव पुनरावृत्तीचा आहे. तीच तारीख, तोच अर्ज, तेच दोन्ही बाजूंच्या वकिलांचे हमरीतुमरीवर येणे, त्याच पैशांची मागणी. एकदा घडले तर दुःख होते. पाचव्यांदा घडले की हसू येते, आणि त्या हसण्यातच आपल्याला कळते की हे कुणा एकाच्या दुष्टपणाने चाललेले नाही, हे एक चालते यंत्र आहे. रडणारा प्रेक्षक मोहन जोशीकडे पाहतो. हसणारा प्रेक्षक यंत्राकडे पाहू लागतो.

त्याच 1984 साली महेश भट्ट यांचा 'सारांश' आला. तिथेही मुंबईतला एक म्हातारा माणूस, प्रधान मास्तर, कार्यालयांच्या दारांवर डोके आपटतो. प्रधान मास्तरांचा उद्रेक आजही अंगावर काटा आणतो, पण तो उद्रेक ऐकणारा मुख्यमंत्री त्यांचा जुना विद्यार्थी निघतो आणि दार उघडते. भावनेच्या मार्गाने गेलेल्या त्या चित्रपटाला शेवटी एका भल्या माणसाचा आधार घ्यावा लागला. 'सारांश'विषयी मला मनापासून आदर आहे, तरी म्हणतो की इथे तो मागे हटला. मिर्झा यांच्या चित्रपटात असा विद्यार्थी भेटत नाही. भेटला असता, तर बाकीच्या भाडेकरूंनी काय करायचे, हा प्रश्न तसाच राहिला असता.

मिर्झांचा हा विनोदाचा मार्ग तीस वर्षांनी चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'ने (2014) घेतला. एका सफाई कामगाराचा गटारात मृत्यू होतो आणि लोकशाहीर नारायण कांबळे यांच्या गाण्याने त्याला आत्महत्येस प्रवृत्त केले, असा खटला उभा राहतो. गटारातला विषारी वायू सगळ्यांना ठाऊक आहे, पण कोर्टात चर्चा गाण्याच्या शब्दांची होते. तिथला विनोद कोरडा आहे, मिर्झांचा भडक. दोघांचे बोट मात्र एकाच जागेवर आहे.

3. हसणारे शेजारी

या चित्रपटातला सर्वांत अस्वस्थ करणारा भाग मला वकिलांचा वाटत नाही, शेजाऱ्यांचा वाटतो. ज्यांच्या डोक्यावर तेच छप्पर आहे, तेच मोहन जोशीला हसतात.

चाळ म्हटली की मराठी मनात एक ऊबदार चित्र उभे राहते. सामाईक गॅलरी, उघडी दारे, गणपती, अडीअडचणीला धावून येणारे शेजारी. पु. ल. देशपांडे यांच्या 'बटाट्याची चाळ'ने हे जग आपल्या भाषेत कायमचे वसवले. सई परांजपे यांच्या 'कथा'ने (1983) तेच जग पडद्यावर गोडीने आणले. या कलाकृतींचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. पण तिथला विनोद माणसांच्या स्वभावातून येतो : कुणी बढाईखोर, कुणी भाबडा, कुणी चिक्कू. 'मोहन जोशी' आपली नजर वासे, तुळया आणि जिन्याकडे वळवतो. तुळई कुजलेली असली की त्याच शेजारधर्माचे काय होते, हे तो विचारतो.

शेजाऱ्यांच्या हसण्याचे कारण दुष्टपणात शोधले तर आपण पुन्हा चुकू. मोहन जोशी बरोबर असेल, तर त्यांचे गप्प बसणे चूक ठरते. मालकाशी वाकडे, गुंडांची भीती, वकिलाची फी, कामाचा खाडा, हे सगळे त्यांना परवडणारे नसते. त्याला वेडा ठरवणे स्वस्त पडते. इथे ती म्हण कामाला येते. 'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' म्हणताच न चढणारा आपोआप शहाणा होतो. भीतीला शहाणपणाचे नाव मिळाले की तिची लाज वाटत नाही.

काळही ध्यानात घ्यायला हवा. 18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात उतरले. हा चित्रपट आला तोवर मुंबईच्या कामगार वस्त्यांनी एकत्र लढण्याची किंमत घराघरांत मोजली होती. चित्रपट गिरणी कामगारांचा नाही, ओढून ताणून तसे म्हणू नये. पण त्या शहरातल्या प्रेक्षकाला शेजाऱ्यांची सावध पावले परकी वाटली नसणार.

आणि आपण प्रेक्षक? आपणही मोहन जोशीच्या फजितीला हसतो. हसता हसता आपण त्या गॅलरीतच जाऊन उभे राहतो. दिग्दर्शकाने आपल्याला मुद्दाम त्या जागी उभे केले आहे, असे मला वाटते.

एक दोष मात्र मान्य करायला हवा. नसीरुद्दीन शाह आणि सतीश शाह यांनी रंगवलेली वकिलांची जोडी इतकी ढोबळ लोभी आहे की प्रेक्षकाला सोपी पळवाट सापडते. वकील प्रामाणिक असते तर सारे ठीक झाले असते, असे समजून तो घरी जाऊ शकतो. त्याच त्या म्हणीला चित्रपटाने स्वतःच हातभार लावला, असे म्हणायची वेळ इथे येते. एखादा प्रामाणिक वकील दाखवला असता आणि तरीही टेकू लागले असते, तर युक्तिवाद अधिक धारदार झाला असता.

4. घरमालकाचीही बाजू आहे, असे म्हणणाऱ्यांना

हा आक्षेप गंभीर आहे आणि त्याला गंभीरपणेच उत्तर दिले पाहिजे. मुंबईच्या 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्याने प्रमाणभूत भाडे 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीशी बांधून ठेवले. दशके गेली, सिमेंट-लाकूड-मजुरी कितीतरी पटींनी महागली, भाडे तेवढेच. सर्वोच्च न्यायालयानेही डिसेंबर 1997 मध्ये या गोठवलेल्या भाड्याच्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी झाल्याचे म्हटले. मग 1999 चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला. महिना वीस-पंचवीस रुपये भाड्यात मालक दुरुस्ती कशी करणार, असे विचारले जाते. आकड्यांपुरते ते बरोबर आहे.

पण या आक्षेपात दोन गोष्टी सुटतात.

पहिली गोष्ट पागडीची. भाडे कमी होते, तरी खोलीचा ताबा फुकट मिळत नव्हता. भाडेकरू पागडी देऊन आत येत, आणि खोली एका हातातून दुसऱ्या हातात जाताना मालकाचा वाटा निघत असे. महिन्याच्या भाडेपावतीवर हे पैसे दिसत नाहीत, म्हणून हिशेब करताना विसरले जातात.

दुसरी गोष्ट अधिक मूलभूत. दुरुस्ती आवाक्याबाहेर गेली म्हणून सरकारने 1969 च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ स्थापले आणि जुन्या इमारतींवर उपकर बसवला. दक्षिण मुंबईत अशा 19,642 इमारती त्यात आल्या. पुढे 1977 मध्ये म्हाडा स्थापन झाली. म्हणजे मालकाची अडचण मान्य करून सार्वजनिक पैशाची वाट काढली गेली होती. तरीही इमारती पडत राहिल्या, कारण उभ्या इमारतीपेक्षा तिच्याखालच्या जमिनीला अधिक किंमत आली होती. इमारत उभी आहे तोवर कायदा भाडेकरूला संरक्षण देतो. ती पडली की कागदावर हक्क उरला तरी ताबा जातो. इमारत नष्ट झाल्याने भाडेकरूचा हक्क संपत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाला सांगलीतल्या एका वादात 2014 मध्ये स्पष्ट करावे लागले. यावरूनच उलट समज किती खोल रुजलेली होती ते कळते. जिथे पडझड हीच जागा रिकामी करण्याची स्वस्त पद्धत असते, तिथे दुरुस्ती न करणे हा निष्काळजीपणा राहत नाही, ती कृती होते. अमजद खान यांनी साकारलेला मालक हाच हिशेब करणारा आहे. तो पैशाअभावी हतबल झालेला माणूस नाही.

5. गरिबांवर हसणे अपमानास्पद नाही का?

हसण्याचा रोख कुणाकडे आहे, यावर ते अवलंबून आहे. चित्रपट घराच्या दारिद्र्याला हसत नाही, आणि म्हाताऱ्यांच्या जिद्दीलाही नाही. 'तमस'सारखी कादंबरी लिहिणारे भीष्म साहनी मोहन जोशीच्या भूमिकेत आहेत आणि दीना पाठक त्यांच्या पत्नीच्या. हे दोघे एकदाही विदूषक होत नाहीत. त्यांच्याभोवतीचे जग विक्षिप्त आहे आणि ते दोघे सरळ आहेत. सरळ माणूस वाकड्या चौकटीत उभा राहिला की तोच वाकडा दिसू लागतो. मला तर करुणेने ओथंबलेल्या पुष्कळ चित्रपटांपेक्षा यात गरिबाचा मान अधिक राखलेला दिसतो, कारण इथे तो दया मागत नाही. तो दावा मांडतो.

या चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो कुटुंबकल्याणावरील चित्रपटाच्या वर्गात. सन्मान झाला याचा आनंद आहे. पण मालमत्ता, कायदा आणि पुरावा यांविषयी बोलणारी कलाकृती कुटुंबाच्या खणात ठेवली गेली, ही गोष्ट मला खटकते. चाळीतल्या माणसाचे म्हणणे घरगुती तक्रारीत जमा करायची आपली सवय जुनी आहे.

6. शेवट हा पराभव आहे का?

सर्वांत जास्त ऐकू येणारा आक्षेप शेवटाविषयी आहे. म्हातारा टेकू ओढतो आणि त्याच्यावर घराचा भाग कोसळतो. हा निराशावाद नाही का? लढू नका, असाच संदेश त्यातून जात नाही का?

इतक्या वर्षांत मोहन जोशीने काय केले? वकिलांनी सांगितले ते कागद दिले, सांगितल्या तारखांना गेला, सांगितले तेवढे पैसे भरले. प्रत्येक वेळी त्याचे म्हणणे दुसऱ्या कुणीतरी मांडले. टेकू ओढतो तेव्हा पहिल्यांदाच तो आपला पुरावा आपल्या हाताने कोर्टापुढे ठेवतो. न्यायाधीश उभे आहेत, दोन्ही पक्ष हजर आहेत, जागा तीच आहे. पुराव्याच्या कायद्याला याहून थेट पुरावा कोणता हवा? त्याने छत पाडले नाही. छत पडलेलेच होते, ते फक्त लपवलेले होते. लपवणारी वस्तू त्याने काढली.

याला आत्महत्या म्हणणे मला पटत नाही. हौतात्म्य म्हणणेही पटत नाही, कारण त्या शब्दाने मरणाला उगाच तेज येते. त्या जागी जे घडते ते फार साधे आणि फार भयंकर आहे. ज्या समाजात राहणाऱ्याचा शब्द पुरेसा धरला जात नाही, तिथे त्याचे शरीर हाच एकमेव न नाकारता येणारा दस्तऐवज उरतो.

हे जुने झाले, असे वाटणाऱ्यांनी दोन तारखा आठवाव्यात. 31 ऑगस्ट 2017 रोजी भेंडीबाजार भागातली हुसैनी इमारत कोसळली आणि 33 जण मेले. ती धोकादायक असल्याचे आधीपासून माहीत होते. 16 जुलै 2019 रोजी डोंगरीत केसरबाई इमारतीचा भाग पडून 13 जण मेले. ढिगारा उपसणे चालू असतानाच पडलेला भाग कुणाच्या अखत्यारीतला, अधिकृत की अनधिकृत, हा वाद सुरू झाला होता. माणसे विटांखाली आणि चर्चा कागदांची. मिर्झांच्या चित्रपटाला इथे अतिशयोक्त म्हणता येत नाही.

7. एकच सही

आता पुन्हा म्हणीकडे. मोहन जोशी हरला तो पायरी चढला म्हणून, असे म्हण सांगते. चित्रपट नीट पाहिला तर दिसते की त्या पायरीवर तो आणि त्याची बायको, दोघेच होते. टेकू लावले गेले तेव्हा ते अख्ख्या चाळीच्या डोळ्यांदेखत लागले असणार. चाळीत खिळा ठोकला तरी चार घरांना ऐकू जातो. न्यायाधीश आले तेव्हा गॅलरीतल्या दहा जणांनी एका आवाजात 'हे टेकू कालचे आहेत' एवढे एकच वाक्य म्हटले असते, तर म्हाताऱ्याला हात घालावा लागला नसता. वादीचे म्हणणे तेव्हा चाळीचे म्हणणे झाले असते, आणि चाळीचे म्हणणे 'हितसंबंधी माणसाची तक्रार' म्हणून बाजूला सारणे मालकाच्या वकिलांनाही जड गेले असते.

इमारत पाडून नवी बांधायची असते तेव्हा हे आपल्याला अचूक कळते. उपकरप्राप्त इमारतीच्या पुनर्विकासाला ठरावीक टक्के रहिवाशांची संमती लागते. मग दारोदार फिरून सह्या गोळा होतात, बैठका होतात, परगावी राहणाऱ्या भाच्यापर्यंत माणूस पाठवला जातो. पाडायच्या वेळी चाळीतली प्रत्येक सही मोजली जाते. दुरुस्तीच्या दाव्यावर मोहन जोशीची एकट्याची सही होती, आणि त्याच जिन्यावरून रोज खाली उतरणारे लोक त्याला 'आजची तारीख काय म्हणाली?' असे हसत विचारत होते.

गिरगाव, डोंगरी, कामाठीपुऱ्याच्या गल्ल्यांतून आजही वर पाहिले की गॅलऱ्यांना आधार दिलेले लाकडी टेकू दिसतात. कुणी त्यांच्याच आडव्या फळीला दोरी बांधून कपडे वाळत घातलेले असतात. त्यातले काही टेकू खरोखर दुरुस्तीसाठी लावलेले असतील, काही पाहणीच्या आदल्या रात्री. रस्त्यावरून जाणाऱ्याला त्यातला फरक सांगता येणार नाही. आत राहणाऱ्या सगळ्यांना सांगता येईल.